बिल्डिफायर, आठ महिन्यांनंतर: एका कॉमेंटने केलेला घोळ

बझेल (कोडपासून प्रोग्राम तयार करणारं, म्हणजे बिल्ड करणारं टूल) वापरणाऱ्यांना बिल्डिफायर काय ते सांगायला नको. इतरांसाठी: बझेलच्या बिल्ड फायली एकसारख्या मांडणारा आणि त्यांतल्या याद्या क्रमाने लावणारा फॉरमॅटर. फुकट आहे, गो भाषेत लिहिलेला आहे, एक फाइल उतरवली की काम सुरू. जळगाव, धुळे आणि पुण्यात विखुरलेली ४०-एक जणांची टीम आणि शेकड्यांनी बिल्ड फायली, एवढ्या पसाऱ्यावर तो आठ महिने चालवला.

लिहायचं निमित्त म्हणजे मेन ब्रँच, म्हणजे सगळ्यांच्या कोडची मुख्य प्रत, फुटली. दोघांनी आपापल्या ब्रँचवर एकाच टार्गेटच्या (बिल्ड करायच्या घटकाच्या) डेप्स यादीत, म्हणजे त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या यादीत, तीच लायब्ररी जोडली, एकाने वर, दुसऱ्याने खाली. गिटला (कोडचे बदल सांभाळणाऱ्या टूलला) जागा वेगळ्या दिसल्या, त्याने कॉन्फ्लिक्ट न देता दोन्ही ओळी घेतल्या. एका यादीत तेच लेबल (लायब्ररीचा पत्ता) दोनदा आलं की बझेल थेट एरर देतो. म्हणजे दोन्ही ब्रँच सुट्ट्या हिरव्या, एकत्र केल्या की लाल. यादी क्रमाने लावलेली असती तर दोघांची ओळ एकाच जागी पडली असती आणि सारखाच बदल म्हणून गिटने ती एकदाच घेतली असती.

पण बिल्डिफायर तर चालूच होता! मग क्रम चुकला कसा? यादीच्या मधोमध कोणीतरी स्वतंत्र ओळीवर ‘# टेस्टसाठी’ अशी कॉमेंट टाकून ठेवली होती. स्वतंत्र ओळीवरची कॉमेंट हा बिल्डिफायरला शेताचा बांध वाटतो. तो ओलांडून लेबलं हलवत नाही. बांधाच्या दोन्ही बाजूंना तेच लेबल असलं तरी हूं की चूं नाही. फॉरमॅटचा चेक पास.

उपाय साधा आहे: कॉमेंट त्या लेबलच्याच ओळीच्या शेवटी लिहा, मग ती लेबलसोबत हलते. जुने बांध शोधायला आठ स्पेसनंतर थेट # येणाऱ्या ओळी ग्रेप करा (ग्रेप या कमांडने शोधा). बिल्ड फायलींत यादीतल्या ओळी सहसा तेवढ्याच आत असतात. आम्ही रिव्ह्यूत आता आधी हेच बघतो.

पहिल्या महिन्यात वाटलं होतं, हे नुसतं रंगरंगोटीचं काम. ते मत मागे घेतो. एका ओळीवर एक लेबल आणि शेवटी स्वल्पविराम, एवढ्यानेच डिफ (काय बदललं ते दाखवणाऱ्या नोंदी) वाचण्याजोगे झाले. आधी ‘:’ वाली जवळची, मग ‘//’ वाली, शेवटी ‘@’ वाली बाहेरची लेबलं, हा क्रमही आता डोळ्यांत बसलाय.

.बीझेडएल फायलींत (बझेलचे स्वतःचे नियम आणि मॅक्रो लिहायच्या फायलींत) मात्र तो स्वतःहून याद्या लावत नाही. तिथे यादीवर ‘कीप सॉर्टेड’ कॉमेंट द्यावी लागते. उलट जिथे क्रमालाच अर्थ आहे तिथे ‘डू नॉट सॉर्ट’. जेनरूलच्या (कमांड चालवून फायली बनवणाऱ्या नियमाच्या) एसआरसीएस आणि आउट्सना, म्हणजे आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या फायलींच्या याद्यांना, तो मुळात हात लावत नाही. पण तसंच काम करणारा तुमचा स्वतःचा मॅक्रो असेल तर ते त्याला कळणार नाही.

बसवताना सगळ्या फायली एकाच कमिटमध्ये फॉरमॅट करा, त्यात दुसरा एकही बदल नको. त्या कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) ब्लेम-इग्नोरच्या फायलीत टाका, म्हणजे कोणती ओळ कोणी लिहिली ते सांगणारं गिटचं ब्लेम तो कमिट वगळेल (गिट २.२३, म्हणजे २०१९ पासून ही सोय आहे), नाहीतर ब्लेममध्ये जिकडेतिकडे फॉरमॅट करणाऱ्याचंच नाव. ही सेटिंग प्रत्येकाला आपल्या मशीनवर करावी लागते, आणि निम्मे लोक विसरतात.

सीआयवर (प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) फक्त चेक मोड ठेवा, फिक्स नको. एक्झिट कोड ४ म्हणजे फॉरमॅट बाकी, १ म्हणजे सिंटॅक्सच चुकलाय. ही पायरी बिल्डच्या आधी लावा: तो फक्त फाइल वाचतो, सेकंदांत उरकतो, सीआयची विकतची मिनिटं वाचतात. आणि मे महिन्यात जळगावात लॅपटॉपवर अख्खा बिल्ड चालवणं म्हणजे मांडीवर चूल पेटवणं, तेही टळतं.

व्हर्जन एकच पिन करा. आमच्याकडे एडिटरच्या प्लगइनमध्ये वेगळं व्हर्जन होतं, सीआयवर वेगळं. सेव्ह केलं की एक ओळ इकडे, चेक म्हणतो तिकडे. दोन दिवस त्यातच गेले. पाचपैकी चार तारे. एक कापला तो त्या बांधाचा.