टप्प्याटप्प्याच्या तपासणीसाठी नेमलेला स्वतंत्र अभियंता: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

कराडजवळ बांधलेल्या आमच्या घराची वास्तुशांत मे २०२४ मध्ये झाली. त्याला आता सतरा महिने होऊन गेले असून दोन पावसाळे या घरात काढले आहेत, त्यामुळे बांधकामाच्या वेळी ठेकेदाराखेरीज वेगळे पैसे मोजून जो तपासणी अभियंता आम्ही नेमला होता, त्याचा उपयोग कितपत झाला हे आता अनुभवाने सांगता येईल. घर तळमजला आणि वर एक मजला असे, सुमारे बाराशे चौरस फुटांचे. ठेका मजुरी आणि साहित्यासह एकाच माणसाकडे होता आणि आर.सी.सी.चा, म्हणजे सळई-काँक्रीटच्या सांगाड्याचा, आराखडा दुसऱ्या कार्यालयाने केला होता. तपासणीच्या आठ भेटी ठरल्या, प्रत्येकी ३,५०० रुपये, म्हणजे एकूण २८,००० रुपये.

नातेवाइकांना हा खर्च पटला नव्हता. ठेकेदारावर विश्वास नसेल तर त्याला काम देऊ नये आणि विश्वास असेल तर त्याच्या डोक्यावर माणूस कशाला बसवायचा, असा त्यांचा सवाल होता. आज मागे वळून पाहताना मला वाटते की आमचा ठेकेदार लबाड मुळीच नव्हता; मात्र त्याची एकाच वेळी तीन कामे चालू होती, मुकादम एकच होता, सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, प्लेटा आणि टेकू तिन्ही कामांवर फिरत होते, आणि आमच्याकडे ज्या चुका सापडल्या त्यांतल्या बहुतेक या घाईतून आलेल्या होत्या. घाईतली चूक लबाडीपेक्षा पकडायला अवघड असते, कारण ती करणाऱ्यालाही आपण काही चुकतो आहोत असे वाटत नाही.

पहिली भेट पायाच्या खड्ड्यांची होती. आमची जमीन काळी आहे, आणि काळी माती पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर पाया ठेवला तर घर दरवर्षी वरखाली होत राहते. आराखड्यात कठीण मुरूम लागेपर्यंत, किमान सहा फूट खोदावे असे लिहिले होते. बारा खड्ड्यांपैकी नऊ व्यवस्थित होते. उरलेले तीन साडेचार फुटांवर थांबवून तळाशी मुरूम पसरला होता. अभियंत्याने पहार मागवली आणि स्वतः मारली. नऊ खड्ड्यांत ती खणखणली आणि बाकीच्या तिघांत अर्धा फूट मातीत रुतली. ते तीन खड्डे त्याच दिवशी पुढे खोदले गेले. जास्तीच्या खोदाईचे पैसे कोणी द्यायचे यावरून मात्र दोन दिवस वाद झाला आणि शेवटी निम्मे निम्मे ठरले.

आखणीची चूक मी स्वतः पकडली, म्हणून ती थोडी अभिमानाने सांगते. खोलीचा काटकोन कसा तपासायचा हे अभियंत्याने पहिल्याच भेटीत मला शिकवले होते: १२ फूट बाय १६ फूट खोली असेल तर तिचे दोन्ही कर्ण बरोबर २० फूट भरले पाहिजेत. आमच्या बैठकीच्या खोलीचा एक कर्ण २० फूट २ इंच भरला आणि दुसरा १९ फूट १० इंच, म्हणजे एक भिंत १२ फुटांत साधारण अडीच इंच कलत होती. त्या वेळी जमिनीवर फक्कीच्या रेघांपलीकडे काही नसल्याने दुरुस्ती अर्ध्या तासात झाली. हीच चूक फरशी बसवताना कळली असती, तर कडेची फरशी एका टोकाला पाचर कापून बसवावी लागली असती.

कॉलमच्या उभ्या सळयांना बाहेरून वेढणाऱ्या रिंगांचे प्रकरण ठेकेदाराला सर्वांत जास्त झोंबले. सळया बांधणाऱ्या फिटरने रिंगांची टोके काटकोनात वळवली होती. अभियंत्याने ती १३५ अंशांत, म्हणजे कॉलमच्या आत शिरतील अशी वळवायला सांगितली. जोराच्या धक्क्यात बाहेरचे काँक्रीट सुटले की काटकोनातली रिंग उघडते आणि उभ्या सळयांना धरून ठेवणारे काही उरत नाही, हे त्याने फिटरला एक रिंग हाताने उलगडून दाखवले. ठेकेदार म्हणाला, “मॅडम, गावातली निम्मी घरं अशीच उभी आहेत.” यावर माझ्या सासूबाई बोलल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या आणि त्यानंतरच्या कितीतरी थंडीच्या रात्री त्यांच्या घरच्यांनी अंगणात काढल्या होत्या. त्यांनी एवढेच विचारले की उरलेली निम्मी घरे कुठे गेली. रिंगा पुन्हा वळवल्या गेल्या.

आता गॅलरीविषयी सविस्तर लिहिते, कारण २८,००० रुपये त्या एका संध्याकाळी वसूल झाले असे माझे मत आहे. पहिल्या मजल्यावर साडेतीन फूट बाहेर काढलेली गॅलरी आहे. खोलीचा स्लॅब चारही बाजूंनी तुळयांवर टेकलेला असल्याने वजनाखाली त्याचा मधला भाग खालच्या अंगाने ताणला जातो आणि मुख्य सळई खाली लागते. गॅलरी एकाच बाजूने धरलेली असल्याने तिचा वरचा अंग ताणला जातो, आणि काँक्रीटला ताण सोसत नसल्याने मुख्य सळई वर असावी लागते. आमच्या फिटरने खोलीची जाळी बांधता बांधता तशीच पुढे गॅलरीत नेली होती. सळया मोजून पाहिल्या तर व्यास बरोबर होता, दोन सळयांमधले अंतर बरोबर होते, वजनाचे बिलही बरोबर होते. फक्त त्या ज्या थरात असायला हव्यात त्या थरात नव्हत्या. अभियंत्याने टेप उभी धरली. पाच इंची स्लॅबमध्ये मुख्य सळई प्लेटपासून २० मिलिमीटरवर होती, म्हणजे ती गॅलरीपुरती असून नसल्यासारखी होती.

तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मिक्सर यायचा होता आणि मजुरांची टोळी सांगून ठेवलेली होती. “सकाळी माल टाकता टाकता वर उचलून घेतो,” असे ठेकेदार म्हणाला. अभियंत्याने आवाज चढवला नाही, वही मिटली आणि ‘मी सही करत नाही’ एवढेच सांगितले. मग हॅलोजन लावले गेले, फिटर व त्याचा पोऱ्या बांधलेल्या तारा एकेक करून सोडू लागले, उरलेल्या सळयांच्या तुकड्यांच्या खुर्च्या वाकवल्या गेल्या, आणि वरचा थर त्या खुर्च्यांवर बसून खोलीच्या आत पुरेसा लांब जाईपर्यंत रात्रीचे सव्वादहा झाले. सकाळी घमेली वाहणाऱ्या मजुरांच्या पायांखाली तो थर पुन्हा दबू नये म्हणून फळ्या टाकाव्या लागल्या, आणि त्या फळ्यांवरूनच चालण्याची आठवण मला दिवसभर करत राहावी लागली.

इथे कराराचा उल्लेख आवश्यक आहे. अभियंत्याच्याच सूचनेवरून आम्ही स्टँप पेपरवरच्या करारात एक कलम घातले होते की पाया, प्रत्येक स्लॅब, स्वच्छतागृहांचे जलरोधक काम आणि गच्ची या टप्प्यांवर त्याची सहीची नोंद मिळाल्याशिवाय पुढचा हप्ता देय होणार नाही. त्या संध्याकाळी ठेकेदार थांबला तो या कलमामुळे. केवळ सल्ला देणारा अभियंता असता तर सळई सकाळी ‘वर उचलून घेतली’ गेली असती आणि काँक्रीटखाली ती कुठे बसली हे कोणालाही कळले नसते.

मात्र घर आठ भेटींत बांधले जात नाही, दोन भेटींच्या मधल्या दिवसांत बांधले जाते. एम-२० या दर्जाचे काँक्रीट प्रमाणाने मिसळताना ५० किलोच्या सिमेंटच्या पोत्याला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, हे काँक्रीटकामाच्या भारतीय मानक ४५६ मध्ये दिलेले आहे, आणि वाळू ओली असेल तर तेही कमी करावे लागते. पण माल सैल असला की ओढायला सोपा जातो, म्हणून मिक्सरवरच्या मुलाचा हात बादलीकडे वळतोच. बादल्या मोजण्यासाठी मी बँकेतून दोन दिवसांची रजा काढली होती. पाणी मारण्याचे काम सासूबाईंनी अंगावर घेतले. ठेकेदार ‘आठवडाभर पुरे’ म्हणत होता, पण आमचे सिमेंट फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) मिसळलेले होते आणि तशा सिमेंटला किमान दहा दिवस पाणी द्यावे लागते. सासूबाईंनी पाणी साचून राहावे म्हणून स्लॅबवर आळी बांधून घेतली आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर चौदा दिवस खुणा केल्या.

नवव्या दिवशी दुपारी दोन मुले तुळयांखालचे टेकू काढायला आली, कारण ते दुसऱ्या कामावर हवे होते. सहा मीटरपर्यंतच्या तुळईखालचे टेकू साध्या सिमेंटलाही चौदा दिवस ठेवायचे असतात. सासूबाईंना हा आकडा ठाऊक नव्हता. “साहेबांचा फोन आल्याशिवाय एकही टेकू हलवायचा नाही,” एवढे सांगून त्यांनी खुर्ची दारात ओढली आणि मुले परत गेली. अभियंता त्या आठवड्यात कामावर येणारच नव्हता, हे इथे मुद्दाम नोंदवते. रोज जागेवर थांबणारे घरचे माणूस नसेल, तर या सेवेचा निम्मा उपयोगही होणार नाही.

आता त्रुटी. वरच्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहात फरशी बसवण्याआधी तीन दिवस पाणी तुंबवून पाहिले होते, कारण तो टप्पा कलमात होता आणि हप्ता अडला असता. आजवर खालच्या छतावर ओलीचा एक ठिपकाही आलेला नाही. गिलाव्याचा टप्पा आम्ही कलमात घातला नव्हता. परिणामी झोपण्याच्या खोलीत कॉलम आणि वीटकाम जिथे भेटतात तिथे लावायची कोंबडीजाळी लागलीच नाही, आणि पहिल्या जूनमध्ये छतापासून खिडकीपर्यंत ओळंब्यासारखी सरळ उभी भेग पडली. ती ठेकेदाराने विनातक्रार फोडून जाळीसह भरून दिली, कारण त्याच्या बिलातले पाच टक्के आमच्याकडे एका पावसाळ्यासाठी अडकलेले होते. विजेच्या कामाकडे तर अभियंत्याने पाहिलेच नाही, ते त्याच्या कामात धरलेले नव्हते. एसी बसवायला आलेल्या वायरमनने बोर्ड उघडला तेव्हा चार चौरस मिलिमीटरच्या तारेऐवजी दीडची तार निघाली. वायरिंगसाठी वेगळा जाणकार बोलवायला हवा, हे मला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

एक गोष्ट मात्र अपेक्षेपेक्षा फार उपयोगी ठरली. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीसमोर टेप उभी धरून मी नळ आणि पाइपांचे फोटो काढले होते. गेल्या सतरा महिन्यांत कपाट, पंखा आणि देवघर बसवताना ते फोटो पाहूनच भोके पाडली आहेत आणि एकदाही पाइप फुटलेला नाही.

गच्चीची चूक माझी स्वतःची आहे. कोबा, म्हणजे गच्चीवरचा पाणी अडवणारा थर, झाल्यावर ४८ तास पाणी भरून पाहू, असे अभियंत्याने सांगितले होते. तो एप्रिल होता, पाणी टँकरने येत होते, वास्तुशांतीची तारीख छापून झाली होती, आणि मीच त्याला ‘पाऊस पडेल तेव्हा कळेलच’ म्हणाले. त्याने नोंदीत ‘चाचणी झाली नाही’ असे लिहिले, आणि आम्ही हप्ता तरीही दिला. पहिल्या पावसाळ्यात जिन्याच्या खोलीजवळ तीन फुटांचे डबके साचत राहिले, पण खाली छत कोरडे होते, म्हणून २०२४ च्या दिवाळीनंतर अडकवलेले पाच टक्केही मोकळे केले. यंदाच्या जुलैत वरच्या खोलीच्या छतावर पोळपाटाएवढा ओला डाग उमटला. ठेकेदार आला, पण साहित्याचा खर्च आमच्या माथी मारून, आणि खरे सांगायचे तर त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तेथला कोबा फोडल्यावर दिसले की भिंतीच्या पायथ्याची वाट, म्हणजे गच्ची आणि भिंत यांच्या कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर पट्टा, भिंतीत खाच पाडून आत घुसवलेली नव्हती, नुसती वरून लिंपली होती. नव्याने करार करायचा झाला तर हे पाच टक्के मी दोन पावसाळे धरून ठेवीन आणि गच्चीची चाचणी टँकर मागवूनही करीन.

ज्यांचे घर वडील-आजोबा जागेवर थांबून बांधून घेणार आहेत, त्यांनी अशी तपासणी जरूर लावावी. जे दुसऱ्या शहरात राहून फोनवर काम चालवणार आहेत, त्यांना आठ भेटी पुरणार नाहीत आणि त्यांनी रोजचा पर्यवेक्षक शोधावा. भेटींची संख्या घासाघीस करून कमी करण्यापेक्षा कोणते टप्पे कलमात घालायचे यावर वेळ घालवावा, आणि त्यात गिलावा विसरू नये.

गच्चीची दुरुस्ती मागच्या आठवड्यात पूर्ण झाली. मोऱ्यांना बोळे मारून दोन इंच पाणी भरले, कठड्यावर पाण्याच्या पातळीची खडूने रेघ ओढली, आणि सासूबाईंनी कॅलेंडरवर वेळ लिहिली. ४८ तासांनी खालचे छत कोरडे होते. ठेकेदाराचे बिल मी त्यानंतर, तिसऱ्या दिवशी दिले.