1/144 मापाचं मालवाहू अवकाशयान: किट झकास, सांधा त्रासदायक

आजवर किटमधून प्लास्टिकची मॉडेलं जोडताना विमानं केली, रणगाडे केले. त्यात रंग चुकला की कुणीतरी खऱ्याचा फोटो काढून तोंडावर मारतं. या काल्पनिक अवकाशयानाला तो धाक नाही, म्हणून निवांत होतो. माप 1/144, म्हणजे खऱ्याच्या 144 पट लहान. पण इथे डोकेदुखी वेगळी निघाली: हातभर लांबीचं प्लास्टिक अजस्र वाटलं पाहिजे, आणि त्या कामात किट फारशी मदत करत नाही.

जोडणी सोपी. भाग दाबून बसतात, गोंद जवळजवळ लागत नाही. निपरने (छोट्या कात्रीसारख्या पकडीने) आधी भागापासून लांब, स्प्रूच्या म्हणजे भाग धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या बाजूला कापा, मग उरलेलं खुंट कापा. एकदम कापलं तर पांढरा डाग राहतो. इंजिनांचं कोरीवकाम तर अप्रतिम आहे.

तक्रार मधल्या सांध्याची. वरचा आणि खालचा अर्धा भाग जुळतो ती फट नेमकी बारीक नक्षीतून जाते. पुट्टी भरून घासली तर नक्षी गेली, न घासावी तर फट दिसते. ज्याने हा साचा आखला त्याने स्वतः कधी पॉलिशपेपर हातात धरला नसावा.

पॅनलच्या रेघाही जाड आहेत. अर्धा मिलिमीटर म्हणजे या मापात खऱ्या यानावर सात सेंटिमीटरची भेग! त्यात काळा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) ओतला की झालं खेळणं. मी करडा-तपकिरी वापरला, तोही अगदी पातळ. सूचनापत्रिका सगळीकडे एकच राखाडी मारायला सांगते. ते ऐकू नका. काळ्या प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) तीन वेगवेगळे राखाडी, पॅनलगणिक थोडा फरक ठेवून मारले, तेव्हा कुठे यानाला आकारमान आलं.

एक घोडचूक माझी. लँडिंगच्या पायांवर वार्निश न मारताच एनॅमल वॉश दिला. दाबून बसवलेल्या सांध्यात थिनर झिरपला आणि सकाळी एक पाय तडकून बाजूला पडलेला. प्लास्टिक ताणात असताना थिनर त्याला ठिसूळ करतो, हे मला माहीत होतं. तरी केलं. आधी ग्लॉस वार्निश, ते पूर्ण वाळू द्या, मग वॉश. डेकलही (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं) त्याच ग्लॉसवर लावा, नाहीतर खाली हवा अडकून चंदेरी चकाकतात.

वैमानिक जेमतेम 12 मिलिमीटरचा. त्याला मिशी काढली, काच बसवली, आता काही दिसत नाही.

सांध्याचा उपाय शेवटी जुन्या डब्यात सापडला. 1977 च्या 'स्टार वॉर्स'साठी मॉडेल करणाऱ्यांनी रणगाड्यांच्या किटांमधले सुटे भाग यानांवर चिकटवले होते. मीही तेच केलं: फटीवर उरलेल्या झाकण्या, नळ्या आणि रणगाड्याचं एक चाक. रणगाडेवाल्या मित्राने ते चाक पहिल्या नजरेत ओळखलं. बाकी कुणाच्या अजून लक्षात आलेलं नाही.