मॅग्डाला रंगवायची: एनॅमलने की अ‍ॅक्रिलिकने?

एचएमएस मॅग्डाला ही मुंबई बंदराच्या रक्षणासाठी लंडनमध्ये बांधलेली चिलखती युद्धनौका. १८७० साली ती पाण्यात उतरली. लांबी २२५ फूट, दोन फिरते बुरूज, प्रत्येकात दहा इंची दोन तोफा. १:९६ प्रमाणात तिचं मॉडेल जेमतेम ७१ सेंटिमीटर भरतं, म्हणजे टेबलावर मावतं. प्लायवूड आणि प्लास्टिक शीटमधून सांगाडा उभा राहिला, फटींत लांबी (पुट्टी) भरून पॉलिश पेपर मारून झाला, की खरी डोकेदुखी सुरू होते ती रंगाची.

त्याआधी साल ठरवा. मुंबईला येताना तिच्यावर तीन तात्पुरत्या डोलकाठ्या आणि शिडं होती. इथे आल्यावर एकच डोलकाठी उरली. १८९२ मध्ये तोफाही बदलल्या. दोरखंडाच्या कामाचा कंटाळा असेल तर बंदरातली मॅग्डाला करा, निम्मा व्याप वाचतो.

व्हिक्टोरियन आरमाराचा ओळखीचा थाट म्हणजे काळा सांगाडा (नौकेचं मुख्य धड), वरचं बांधकाम पांढरं, धुराडं आणि डोलकाठी बफ, म्हणजे फिकट तपकिरी-पिवळी. करडा रंग आला तो १९०३ च्या सुमारास. उष्ण प्रदेशात सांगाडाही पांढरा रंगवत, तेव्हा त्यालाही वाव आहे. फोटो कृष्णधवल, त्यामुळे बफची नेमकी छटा तुमच्या डोळ्यांवर. मी फणसाच्या गऱ्याच्या फिकट पिवळ्याकडे झुकतो. भडक पिवळा लावला की खेळणं दिसतं.

आता मुद्द्यावर. ब्रशने काम करणार असाल तर एनॅमलला, म्हणजे टर्पेंटाइनने पातळ होणाऱ्या तेलकट रंगाला, तोड नाही. तो सावकाश वाळतो, तेवढ्या वेळात ब्रशचे ओरखडे आपोआप बसतात आणि एकसंध पृष्ठभाग मिळतो. किंमत अशी की टर्पेंटाइनचा वास घरभर फिरतो, रंगाच्या पहिल्या आणि दुसऱ्या हाताच्या मध्ये निदान एक दिवस जातो, आणि पावसाळ्यात त्याहूनही जास्त. पांढरा एनॅमल काही वर्षांत पिवळटतो, हा त्याचा सगळ्यात मोठा तोटा.

अ‍ॅक्रिलिक हा पाण्यात मिसळणारा रंग. त्याचा पांढरा पांढराच राहतो, वास कमी, हात पाण्याने धुता येतात. पण ब्रशने मोठा भाग रंगवायला घ्याल तर मे महिन्यात रंग ब्रशवरच वाळू लागतो आणि पट्टे उठतात. त्याला एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं साधन) हवा, म्हणजे काँप्रेसर हवा, म्हणजे खर्च. हार्डवेअरच्या दुकानातले लॅकरचे (झटपट वाळणाऱ्या रंगाचे) स्प्रे कॅन स्वस्त पडतात खरे, पण दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते, आणि पातळ प्लास्टिक शीटला ते खातंही. जुलैत कोकणात तो नाद नको.

माझं मत विचाराल तर दोन्ही घ्या. पांढरा आणि बफ अ‍ॅक्रिलिकने, एअरब्रश मित्राकडून मागून आणला तरी चालेल. काळा एनॅमलने, ब्रशने. क्रमही त्यालाच जुळतो, कारण फिका रंग आधी मारायचा असतो आणि पूर्ण वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकवर एनॅमल निर्धास्त बसतो. काळ्या-पांढऱ्याची सीमारेषा मात्र जीव ओतून करा. मास्किंग टेप लावल्यावर तिच्या कडेवरून आधी पांढऱ्याचाच एक पातळ हात फिरवा. झिरपायचं ते पांढरं झिरपेल आणि फट बुजेल. मग काळा मारा. टेप उलट दुमडून, रंग थोडा ओला असतानाच सोला. काळाही शुद्ध नको. त्यात थोडा करडा मिसळा, इतक्या छोट्या नौकेवर शुद्ध काळा भोकासारखा दिसतो.

गंज आणि ओघळ? दुसऱ्या महायुद्धाच्या मॉडेलांवर शोभतात, इथे नाही. त्या काळी रंगकामाचा दिमाख इतका की काही अधिकारी स्वतःच्या खिशातून जास्तीचा रंग आणत. कोळसा भरून झाला की नौका घासून लख्ख करत. धुराड्याच्या तोंडाशी थोडी काजळी पुरे. रिव्हेटचाही अतिरेक टाळा: चिलखताच्या पत्र्यांचे बोल्ट बाहेरून सपाट असत.

कठड्यांसाठी तयार पितळी खांब बाहेरून मागवता येतात. सुबक असतात, पण कुरिअर आणि कस्टम्समध्ये मूळ किमतीइतकं जातं. पर्याय म्हणजे जुन्या ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंगची तार. ती बारीक सुईभोवती एक वेढा घालून पिळायची, सुई काढली की कठड्याची दोरी ओवायला इवलं छिद्र तयार. सरळ धरायला लाकडात खाच पाडून साचा करा, म्हणजे सगळे खांब एका उंचीचे येतात. १:९६ ला साडेतीन फुटी खांब साधारण ११ मिलिमीटर. वेळ हाताशी असेल तर हेच करा. तयार खांबांचे पैसे एअरब्रशसाठी राखा.

डेकला मात्र रंग लावूच नका. खऱ्या लाकडाच्या बारीक पट्ट्या चिकटवून वर मॅट व्हार्निश मारा.