परळी खोऱ्यातली कॅम्पची जागा: स्काऊटचं पथक नेणाऱ्यांसाठी रिव्ह्यू (पाचपैकी चार)

हा रिव्ह्यू फॅमिली पिकनिकवाल्यांसाठी नाही. इथं स्विमिंग पूल नाही, रेन डान्स नाही, हुरडा पार्टी नाही आणि नाश्त्याला मिसळही कोणी आणून देत नाही. स्काऊटमास्तर, गाईड कॅप्टन, कबमास्टर, किंवा मुख्याध्यापकांनी 'तुम्हीच घ्या हो यंदा स्काऊट' म्हणून ज्यांच्या गळ्यात मारलंय ते सर-मॅडम, अशांनी वाचा, बाकीच्यांना इथं मजा येणार नाही.

जागा कुठं, तर साताऱ्यातून समर्थ मंदिरावरनं बोगदा ओलांडून सज्जनगडच्या रस्त्याला लागायचं आणि परळीच्या अलीकडं आत वळायचं. समोर सज्जनगड, लांबवर उरमोडी धरणाचं पाणी. एका शेतकऱ्याची पडीक जमीन आहे, कडेला दोन खोल्या आणि एक पत्र्याची शेड, एवढ्यावर ते कॅम्पला जागा भाड्यानं देतात. बोर्ड नाही, नाव नाही, सगळा कारभार फोनवर. त्यांना आपण इथं नुसतं आण्णा म्हणू. नंबर टाकत नाही कारण त्यांनीच नको म्हणून सांगितलंय, नंबर फिरला की थर्टी फर्स्टवाले फोन करून डोकं उठवतात म्हणे.

माझ्याबद्दल एवढंच की मी शिक्षक नाही. आठवडाभर हार्डवेअरचं दुकान आणि रविवारी सकाळी ओपन ग्रुपचं पथक, म्हणजे शाळेशी न जोडलेलं, कुठल्याही शाळेचा पोरगा येऊ शकतो असं. मानधन वगैरे काही नसतं, उलट दोरी दुकानातली जाते. पाहुणे विचारतात 'यात तुला सुटतं काय?' आणि पालक विचारतात 'दहावीला मार्क किती वाढतात?' दोघांनाही मी चहा पाजतो आणि विषय बदलतो.

आता मुद्द्याचं. आधी आम्ही पाचगणीच्या बाजूला एका रेडिमेड ॲडव्हेंचर कॅम्पला गेलो होतो, नाव घेत नाही. तंबू आधीच ठोकलेले, गाद्या घातलेल्या, जेवण बुफे, शिट्टी मारायला त्यांचाच इन्स्ट्रक्टर, झिपलाईन, बर्मा ब्रिज, रात्री स्पीकरवर गाणी. पोरांना विचाराल तर ती आजही तेच भारी होतं म्हणतील, झिपलाईन होती ना. पण माझे संघनायक, म्हणजे पोरांतलेच म्होरके, दोन दिवस हात बांधून फिरत होते हो. त्यांना करायला कामच नव्हतं, सगळं विकत घेतलेलं, आणि मी पण तिथं नुसता हजेरी घेणारा माणूस झालो होतो. एका पोरानं तर ताट उचलून ठेवल्यावर तिथला वाढपी त्याला म्हणाला राहू दे, आम्ही आहोत ना! आता याला स्काऊटिंग म्हणायचं तर लग्नाच्या हॉलला पण म्हणावं लागेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, स्काऊटिंगचा सगळा खेळ संघपद्धतीवर चालतो. सहा ते आठ पोरांचा एक संघ, त्याचा संघनायक त्यांच्यातलाच एक, आणि असे जास्तीत जास्त चार संघ मिळून पथक, म्हणजे बत्तीसच्या वर नाही. स्काऊटिंग सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलनं 1907 साली इंग्लंडमध्ये ब्राऊनसी बेटावर पहिला प्रायोगिक कॅम्प घेतला तेव्हापासून हेच, वीसेक पोरं आणि त्यांचे चार संघ, लांडगे, बैल, आणि कर्ल्यू, रेव्हन हे पक्षी. मोठ्या माणसानं काय करायचं तर संघनायकाला शिकवायचं आणि मग बाजूला व्हायचं. हे बाजूला होणं सगळ्यात अवघड आहे. स्काऊटमास्तरांच्या बेसिक कोर्सला सात दिवस आपल्याला सुद्धा संघात घालून, तंबूत झोपवून, सकाळी तपासणी करून हेच डोक्यात भरवतात, तरी घरी आलं की हात शिवशिवतातच. म्हणून कॅम्पची जागा बघताना मी एकच बघतो, की ही जागा पोरांचं काम हिसकावून घेते का करू देते. आण्णांची जागा करू देते, बऱ्यापैकी.

जमिनीपासून सुरू करू. वरच्या अंगाला मुरूम आहे, तिथं तंबूच्या खुंट्या वाकतात पण जात नाहीत, तिथं लावूच नका. खालच्या अंगाला, कळकाच्या बेटाच्या अलीकडं, माती आहे आणि थोडा उतार, पाणी साचत नाही. चार संघांना चार कोपरे मिळतात आणि मधे एवढं अंतर राहतं की एका संघाचं भांडण दुसऱ्याला ऐकू जात नाही. हे महत्त्वाचं आहे, हसू नका. आमच्या गरुड संघाचं आणि वाघ संघाचं तंबूचं तोंड कुठल्या बाजूला यावरून दर वेळी वाजतं. वारा गडाच्या बाजूनं येतो, म्हणून तोंड धरणाकडं. ते आपण सांगायचं नाही, पहिल्या रात्री गारठली की सकाळी आपोआप तंबू फिरवतात.

कळकाच्या बेटातले तोडून वाळवलेले कळक आण्णा वापरायला देतात, परत जाताना जागेवर रचून ठेवायचे एवढीच अट. त्याचे ताटाळे, चपलांचा स्टँड, टॉवेल वाळत घालायचं असले गॅजेट्स छान होतात, स्क्वेअर लॅशिंग, म्हणजे दोन कळक काटकोनात दोरीनं बांधणं, शिकवायला याच्यापेक्षा बरी जागा नाही. दोरी मात्र स्वतःची न्या, आणि धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, नायलॉनची नेऊ नका. दिसायला चकाचक, पण गुळगुळीत असल्यानं क्लोव्ह हिचची गाठ सरकते आणि पोराला वाटतं आपलीच गाठ चुकली. सुती घ्या नाहीतर काथ्याची घ्या. काथ्या हाताला टोचतो पण कळकाला घट्ट बसतो.

स्वयंपाक हा या जागेचा सगळ्यात भारी भाग. प्रत्येक संघाची तीन दगडांची चूल, लाकूड आण्णांच्याच रानातलं, मोळीला वेगळे पैसे. झाडं तोडू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. पेटवायला भाताचा पेंढा आणि शेणी मिळतात. आता बघा काय होतं. संध्याकाळी गरुड संघानं पिठल्याचा बेत केलेला, सहावीतला एक पोरगा चुलीपुढं फुंकणी घेऊन, डोळ्यातनं पाणी, धूरच धूर, जाळ काय होईना. तेवढ्यात आण्णा आले. "ओ मास्तर, पोरं उपाशी मरत्याल की! आमची मालकीण धा मिनटात भाकरी टाकंल, पिठलं बी करंल." मी म्हटलं आण्णा, नको, तुम्ही इथं माझ्याजवळ बसा फक्त. बसले, पण जीव चुलीत. त्या पोरानं शेवटी शेण्या उभ्या लावल्या, मधे जागा सोडली, आणि एकदाचा जाळ धरला. मग पिठलं. पाणी उकळल्यावर बेसन एकदम ओतलं, त्यामुळं लिंबाएवढ्या गुठळ्या, आणि संघनायक शांतपणे काय म्हणतो, 'गुठळ्या पहिल्या ज्याला आवडतात त्यानं घ्या.' सगळं संपलं, कढई पुसून खाल्ली. घरी हीच पोरं पिठलं बघून नाक मुरडतात, त्यांच्या आयांनी मला सांगितलंय.

तर ही आण्णांची एकच खोड आहे, माणूस फार मायाळू आहे. दर वेळी पोहोचल्या पोहोचल्या सांगावं लागतं की मदत करायची नाही. तुम्ही सांगितलं नाहीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी सगळ्यांच्या चहाचं पातेलं ठेवलेलं असतं आणि पोरं कप घेऊन ओळीत उभी. मग स्वयंपाकाची परीक्षा कसली घेता. बिनभांड्याचा स्वयंपाक मात्र बघायला त्या दोघांनाही बोलवा. निखाऱ्यात भाजलेला कांदा आणि पानात गुंडाळून शिजवलेलं बघून काकू जे हसतात ना, पोरांना बक्षीस मिळाल्यासारखं होतं.

प्रथम आणि द्वितीय सोपान, म्हणजे स्काऊटच्या पहिल्या दोन पायऱ्या, त्यांचं बरंचसं काम इथं एका मुक्कामात बसतं. गाठी, चूल, उघड्यावरचा स्वयंपाक, प्रथमोपचार, दिशा ओळखणं. मागोवा घ्यायच्या खुणा आम्ही परळीतल्या जुन्या महादेव मंदिराच्या वाटेवर लावतो, पुढं जाणारा संघ दगड-काड्यांच्या खुणा करतो आणि मागचा शोधत येतो. गुरं चारणारी पोरं गंमत म्हणून खुणा हलवतात, त्याचीही मजा येते. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघून सज्जनगड, वर दुपारी प्रसादाच्या पंगतीत बसायचं आणि खाली यायचं. त्या जेवणापुढं आमच्या पिठल्याची लाज वाटते, पण असू दे.

आता जे पटलं नाही ते. टॉयलेट दोनच आहेत, सकाळी मोठी रांग लागते, त्यामुळं संघवार वेळ ठरवून द्या. गाईडचं पथक नेणार असाल तर माझ्याबरोबर आलेल्या गाईड कॅप्टन मॅडमचं मत महत्त्वाचं, त्यांनी जागा फिरून बघितली आणि सांगितलं की एका दाराची कडी सैल आहे आणि शेडपासून तिकडं जायच्या वाटेवर उजेड नाही, हे नीट होईपर्यंत मुलींचा मुक्काम नको, दिवसाचा कॅम्प चालेल. आण्णांना सांगितलंय, कडी बसवली असं फोनवर म्हणाले, मी अजून बघितलेली नाही. आणि हे कुठल्याही जागेला लागू, मोठी माणसं किमान दोन पाहिजेत, मोठ्यांचा तंबू वेगळा, एका पोराबरोबर एकट्यानं आडोशाला थांबायचं नाही. यात कोणावर संशयाचा प्रश्न नसतो, नियम म्हणजे नियम.

गंमत म्हणजे वाटेवर उजेड नाही आणि मैदानावर मात्र नको तेवढा. शेडला मोठा हॅलोजन लावलाय, तो रात्रभर चालू. शेकोटीची सगळी मजा जाते, तारे दाखवायचे तर दिसत नाहीत. बंद करायला सांगितलं की 'जनावर यील' म्हणतात. शेवटी तडजोड म्हणून शेकोटीपुरता बंद ठेवतात. पाण्याचं पण बघा, बोअर आहे पण शेतीची लाईट जशी येईल तशी मोटर चालते, टाकी सकाळी नऊला तळाला गेलेली असते. प्रत्येक संघाला रात्रीच दोन बादल्या भरून ठेवायला लावा. आणि पैशाचा हिशोब आधी स्पष्ट करून घ्या. जागेचे माणशी दीडशे म्हणून सांगितले, पण मोळी वेगळी, गाडी लावायचे वेगळे, शेड वापरली तर वेगळे, हे सगळं निघताना कळतं. फसवतात असं नाही, त्यांना एकदम सांगायला संकोच वाटतो बहुतेक. शनिवारी शेजारच्या फार्महाऊसवर कोणाचा वाढदिवस असला की डीजे, त्याला आण्णा तरी काय करणार.

मोबाईलला रेंज नाही, फक्त बांधावर चिंचेखाली येते. पोरांच्या दृष्टीनं सोन्याहून पिवळं, पालकांच्या ग्रुपवर मात्र 'आमचा आर्यन फोटोत दिसत नाही' सुरू होतं, तर आधीच सांगून ठेवा की रात्री नऊला एकदाच मेसेज येईल. पण लीडरनं ती चिंचेची जागा दिवसा बघून ठेवायची, रात्री 108 ला फोन लावायची वेळ आली तर अंधारात शोधत बसायचं नाही. स्वतःची एक गाडी जागेवर पाहिजेच, एसटीनं सगळे आलात तरी. सिव्हिल हॉस्पिटल साताऱ्यातच आहे, रस्ता बरा आहे. बूट घालण्याआधी झटकायचे, अंथरूण तंबूच्या कापडाला चिकटवायचं नाही, हे झोपायच्या आधी रोज. पहिल्या रात्री सगळी ऐकतात, दुसऱ्या रात्री बूट न झटकता पळतात, तेव्हा परत सांगायचं.

एक तारा कमी केलाय तो टॉयलेट आणि हिशोबासाठी. तंबू आण्णांकडं नाहीत, साताऱ्यात मंडपवाल्यांकडं मिळतात ते फार जड पडतात, ज्या शाळेकडं स्काऊटचे तंबू धूळ खात पडलेत त्यांच्याकडं पत्र देऊन मागा, देतात. पावसाळ्यात जाऊच नका, खालचं अंग चिखल होतं आणि थोसेघरच्या धबधब्याच्या गर्दीनं रस्ता पॅक असतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत बेस्ट. 22 फेब्रुवारीच्या चिंतन दिनाच्या, म्हणजे बेडन पॉवेलच्या वाढदिवसाच्या, आसपास सगळ्याच पथकांना कॅम्प आठवतो, त्या आठवड्यासाठी डिसेंबरातच जागा सांगून ठेवा. नंबर तुमच्या तालुक्यातल्या जुन्या स्काऊटमास्तरांकडं मिळेल. फोन संध्याकाळी सातनंतर करा, दिवसभर आण्णा रानात असतात आणि फोन घरी चार्जिंगला लावलेला असतो.