ठाण्याचं वऱ्हाड, बारा खोल्या आणि चेकआउटची वेळ

भाचीचं लग्न बेळगावातल्या शहापूरच्या कार्यालयात होतं, डिसेंबर २०२५ मध्ये. ताईनं खोल्यांचं काम माझ्याकडे दिलं. "मुलाकडची माणसं ठाण्याहून येणार. पहिल्यांदाच बेळगाव बघणार ती. कुठं काही कमी पडू देऊ नकोस बाबा," एवढंच म्हणाली. रेल्वे स्टेशनच्या बाजूच्या एका लॉजमध्ये शेवटी बारा खोल्या घेतल्या. पुढं कुणाला उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितो.

बेळगावात डिसेंबरचं लग्न म्हणजे खोल्यांची ओढाताण ठरलेली. धनुर्मास लागला की आमच्याकडे लग्नं थांबतात, म्हणून तुळशीच्या लग्नापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत मुहूर्तांची गर्दी. नेमक्या त्याच दिवसांत सुवर्णसौधमध्ये, म्हणजे इथल्या विधानभवनात, कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन. त्या वर्षी ते ८ ते १९ डिसेंबर होतं. आमदार, अधिकारी, पोलीस, ड्रायव्हर, सगळ्यांची सोय शहरातच करायची, त्यामुळे बऱ्या हॉटेलांतल्या खोल्या त्यांच्यासाठी आधीच अडवल्या जातात. मी ऑक्टोबरमध्येच एका मोठ्या हॉटेलात ॲपवरून आठ खोल्या घेतल्या होत्या, कन्फर्मचा मेसेजही आला होता. लग्नाच्या नऊ दिवस आधी सहज खात्री करायला फोन केला, तर "त्या खोल्या अधिवेशनाला गेल्या, पैसे परत मिळतील." पैसे आले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. पत्रिका वाटून झालेल्या. व्याह्यांना काय तोंड दाखवायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढली आणि एकेक लॉज पालथं घातलं. हे सातवं. मॅनेजर वयस्कर, घरी कन्नड बोलणारे, पण माझ्याशी स्वच्छ मराठीत बोलले. त्यांनी भाव सांगायच्या आधी विचारलं, "वऱ्हाड येणार किती वाजता आणि मुहूर्त कितीचा?" आधीच्या सहा ठिकाणी हे कुणीच विचारलं नव्हतं.

खरी मेख तिथंच आहे. आमची बस पहाटे सहाला पोचणार होती आणि मुहूर्त दुसऱ्या दिवशी दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांचा. चोवीस तासांच्या चेकआउटचं लॉज घेतलं तर लग्नाच्या दिवशी पहाटे सहाला खोली सोडायची. बारा वाजताच्या चेकआउटचं घेतलं तर पहाटे आल्याबद्दल एक जादा दिवस भरा, आणि वर बाराला, म्हणजे अक्षता पडायच्या ऐन वेळी, कुणीतरी बॅगा खाली आणायला थांबा. मॅनेजरनी वहीत लिहून दिलं : पहिल्या दिवशी पहाटे सहा ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच, भाडं दीड दिवसाचं. खोलीला दिवसाला १,८०० रुपये. बारा खोल्यांचे ३२,४०० झाले, त्यावर ५ टक्के जीएसटी १,६२०, एकूण ३४,०२०. (सप्टेंबर २०२५ पर्यंत हा कर १२ टक्के होता.) बिल दिलं तेव्हा आकडा एका रुपयानंही बदलला नव्हता. जादा गादीचे २५० मात्र वेगळे, तेही आधी सांगून.

तळमजल्यावर तीन खोल्या आहेत, तिन्हींत कमोड. नवऱ्या मुलाच्या आजीचे गुडघे दुखतात, त्यांना तिथली कोपऱ्यातली दिली. लिफ्ट आहे, पण चार माणसांची, आणि लाईट गेली की जनरेटरवर चालत नाही. म्हाताऱ्या माणसांना वर ठेवू नका.

गरम पाणी हा माझा सगळ्यात मोठा घोर होता. सोलरवर एकाच सकाळी चाळीस माणसांच्या अंघोळी कशा व्हायच्या? मॅनेजरनी आपणहून सांगितलं की पाच-सहा अंघोळीनंतर सोलरचं पाणी कोमट होतं. लग्नादिवशी पहाटे साडेचारला त्यांनी मागच्या अंगणात दोन बंब पेटवले आणि पोरं बादल्या घेऊन जिने चढत राहिली. विहीणबाईंनी नंतर ताईचा हात धरून हीच गोष्ट सांगितली, आणि ताईचे डोळे भरून आले. कुंद्याचे, म्हणजे बेळगावच्या मिठाईचे, पाव-पाव किलोचे बॉक्स मी आदल्या रात्री नेऊन दिले होते, तेही प्रत्येक खोलीत उशीजवळ नीट ठेवलेले होते.

आता उणं काय ते. पहिल्या मजल्यावरच्या मागच्या दोन खोल्यांत ओल आहे, भिंतीला हात लावला तर कळतं. त्या मी बदलून घेतल्या. चादरी स्वच्छ, पण टॉवेल खोलीला एकच, तीन माणसं असतील तर सोबत आणा म्हणून सांगा. नाष्टा मिळत नाही, फक्त चहा. मोठी बस गल्लीत येत नाही. आमची बस बाहेरच्या रस्त्यावर थांबवून सामान हातगाडीनं आणावं लागलं, आणि कपिलेश्वर पुलावरून शहापूरला जायला सकाळी दहानंतर अर्धा तास धरा. प्रत्येक मोठ्या माणसाचं आधार कार्ड लागतं. मी सगळ्यांच्या झेरॉक्स आधीच मागवून खोलीवार पिना मारून दिल्या होत्या, त्यामुळे रात्रभर प्रवास करून आलेली माणसं काउंटरवर ताटकळली नाहीत.

फेब्रुवारीत धाकट्याची मुंज आहे. पाच खोल्या इथंच सांगून ठेवल्यात, त्यांतल्या दोन तळमजल्यावरच्या.