नाइट ड्युटी सांभाळून ऑनलाइन एमएसएन केलं, त्याबद्दल

सांगलीला बीएस्सी नर्सिंग केलेलं, आता ह्यूस्टनला आठवड्याला १२ तासांच्या ३ नाइट करते, पदरात ५ वर्षांची मुलगी, रेग्युलर कॉलेज जमणारच नव्हतं म्हणून फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचं (एनपी, म्हणजे पेशंट तपासून औषधं लिहून देणारी नर्स) एमएसएन, म्हणजे नर्सिंगची मास्टर्स डिग्री, ऑनलाइन केलं. खूप जणी विचारतात म्हणून एकदाच नीट लिहिते.

शिकवणं खरंच मस्त. पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी आणि फिजिकल असेसमेंट हे तीन पेपर म्हणजे सगळ्याचा पाया. असेसमेंटला शॅडो हेल्थ नावाचं सॉफ्टवेअर होतं, त्यात टीना जोन्स नावाची पेशंट स्क्रीनवर बसलेली असते, पायाला जखम झालीय म्हणून आलेली, आणि तुम्ही जेवढं विचाराल तेवढंच ती सांगते. माझं सगळं लक्ष जखमेवर, पू येतोय का, दुखतंय किती, आणि शुगरची गोळी चालू आहे का हे विचारायचंच राहिलं. तिने मेटफॉर्मिन कधीच सोडलेली! इतकी वर्षं वॉर्डात काढून हे सुटलं याचं फार वाईट वाटलं, तेव्हापासून ड्युटीवर पण आधी गोळ्यांचं विचारते.

डिस्कशन पोस्ट, एपीए फॉरमॅट (संदर्भ लिहायची ठरलेली पद्धत) वगैरे होतं सवयीने.

खरा त्रास प्रिसेप्टरचा. प्रॅक्टिकलचे ७५० तास ऑनलाइन होत नाहीत, ते क्लिनिकमध्ये पेशंट बघूनच भरावे लागतात, आणि तिथे शिकवणारा प्रिसेप्टर आपला आपणच शोधायचा. ॲडमिशनच्या वेळी फोनवर आम्ही मदत करू म्हणाले आणि नंतर एक जुनी यादी ईमेल करून मोकळे झाले, त्यातले कितीतरी नंबर बंद. नाइट संपली की तशीच स्क्रबवर, म्हणजे ड्युटीच्या कपड्यांवर, बायोडेटा घेऊन क्लिनिकं पालथी घातली, एक अख्खं सेमिस्टर वाया गेलं, शेवटी ओळखीतल्या एका एनपी ताईंनी घेतलं म्हणून निभावलं. एवढी फी घेता तर हे काम कॉलेजचंच आहे, याला मी ५ पैकी १ पण देणार नाही.

पैसे भरायच्या आधी प्रिसेप्टर कोण देणार ते लेखी घ्या, सीसीएनईची (अमेरिकेत नर्सिंगचे कोर्स तपासून मान्यता देणारी संस्था) मान्यता बघा, आणि तुमच्या स्टेटमधले विद्यार्थी ते घेतात का हे पण, कारण सगळीकडचे घेत नाहीत.

आणि भारतातून विचारणाऱ्या मुलींनो, डिस्टन्सने केलेलं एमएस्सी नर्सिंग इंडियन नर्सिंग कौन्सिल मानत नाही, तिथे नोकरी करायची असेल तर रेग्युलरलाच ॲडमिशन घ्या.