फेअरफोन ५ : आठ वर्षं वापरणार असाल तरच

फेअरफोन ५ हा नेदरलँड्समधल्या फेअरफोन कंपनीचा, घरी दुरुस्त करता येणारा स्मार्टफोन. त्याची बॅटरी बदलायला हत्यार लागत नाही. कोपऱ्यातल्या खाचेत नख घालून पाठ सोडवायची, बॅटरी उचलायची, नवी बसवायची. बहुतेक फोनमध्ये ती गोंदाने चिकटवलेली असते. आधी पाठ तापवून सैल करा, मग पातळ पट्टीने बॅटरी सोडवा, आणि पट्टीचं टोक आत घुसलं तर पेट घेण्याची भीती. या कामाची मजुरी जुन्या फोनच्या किमतीला भिडते, म्हणून दुरुस्तीवाला "नवाच घ्या" म्हणतो. हिशेबाने त्याचं चूकही नसतं. ऑस्ट्रियाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या बिलाचा अर्धा भाग, कमाल २०० युरोपर्यंत, सरकारी तिजोरीतून द्यायला घेतला तो यासाठीच.

स्क्रीन, चार्जिंग पोर्ट, कॅमेरा बदलायला फुलीच्या टोकाचा छोटा स्क्रूड्रायव्हर (फिलिप्स ००) पुरतो. टोक मोठं घेतलंत तर स्क्रूचं डोकं झिजतं आणि तो मग निघत नाही. फोन बंद करून बॅटरी आधी काढायची, एवढं पथ्य पाळा.

पण स्क्रू हा सोपा भाग. फोन बहुधा मोडून नव्हे, तर अपडेट थांबल्याने निकालात निघतो, आणि अपडेट चिप बनवणाऱ्याच्या हातात असतात. म्हणून या फोनमध्ये क्वालकॉम या चिप-कंपनीची क्यूसीएम६४९० ही औद्योगिक उपकरणांसाठीची चिप घेतली आहे, कारण तिला कंपनी जास्त वर्षं साथ देते. त्या जोरावर २०३१पर्यंत अपडेटचं आश्वासन आहे. वेग मात्र मध्यम फोनचाच.

ऑगस्ट २०२३मध्ये किंमत होती ६९९ युरो. बॅटरी साधारण ४० युरोंची. आठ वर्षांत दोन बदलल्या तरी खर्च वर्षाला शंभराच्या आतच राहतो. ३५० युरोंचा फोन तीन वर्षांत टाकलात तर वर्षाला ११७ पडतात. फेअरफोन ५ तीन वर्षांनी बदललात तर २३३! मग पैसेही गेले आणि पर्यावरणाचंही काही भलं झालं नाही, कारण फोनच्या कार्बन उत्सर्जनातला मोठा वाटा तो बनवतानाच खर्ची पडलेला असतो.

उणिवा आहेत. हेडफोनची पिन लावायला जागा नाही, आणि टिकाऊपणाचा झेंडा मिरवणाऱ्यांनी चांगले चालणारे वायरवाले हेडफोन अडगळीत घालावेत हे पटत नाही. पाणी-धुळीपासून संरक्षणाचा दर्जा आयपी५५, म्हणजे पावसाचे शिंतोडे चालतील, बादलीत पडला तर नाही. फेअरफोन ४चे सुटे भाग याला बसत नाहीत.

युरोपीय संघात २० जून २०२५पासून नव्या फोनना ८०० वेळा पूर्ण चार्ज केल्यावरही ८० टक्के क्षमता राखणारी बॅटरी द्यावी लागते. शिवाय ती ग्राहकाला स्वतः बदलता आली पाहिजे, नाहीतर १००० चार्जनंतरही ८० टक्के क्षमता राखणारी हवी आणि फोन पाण्यात बुडाला तरी टिकणारा हवा. विक्री थांबल्यावरही ७ वर्षं सुटे भाग पुरवायचे आहेत. त्यामुळे या फोनचं वेगळेपण हळूहळू कमी होईल.

जादा बॅटरी आजच घेऊन ठेवू नका. लिथियमची बॅटरी कपाटात पडूनही म्हातारी होते. चार्ज दिवस पुरेना झाला की मगच मागवा.